महालक्ष्म्या लिफ्टने आल्या

सासूबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला बसले आहे. वाचता येत असतं तर माझी हिंमत झाली नसती, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरीसुद्धा. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही झाशीची, त्यामुळे अक्षर वाकडं आणि ऱ्हस्वदीर्घ देवाच्या भरवशावर. पण तुमच्याशी बोलायला मला व्याकरण कधी लागलं नाही. आधी बातमी सांगते, मग भांडते. ह्या वर्षी महालक्ष्म्या भोपाळला बसल्या. आपल्या ग्वाल्हेरच्या, जयेंद्रगंजातल्या घराचा उंबरठा ओलांडून, रेल्वेत, माझ्या मांडीवर बसून गेल्या. पुरण बिघडलं नाही, दूध नासलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. तिन्ही दिवस मी कान टवकारून होते की आता काहीतरी होईल. शेवटच्या दिवशी नळाचं पाणी गेलं, तेव्हा वाटलं, झालं, आल्या सासूबाई. पण सून म्हणाली, इथे ते रोजच जातं.

आता भांडणाचं. ग्वाल्हेरचं राज्य गेलं तेव्हा मी ह्या घरात नवी होते. सासरे सकाळी उठून पगडी बांधायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. कचेरीत त्यांची जागा राहिली नव्हती, पण डोक्याला कोण सांगणार. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सवय आहे." मग मध्य भारत झालं, पाट्या बदलल्या, आणि पाट्यांचा रंग वाळतोय न वाळतोय तोच मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. यांची कचेरी कागदांचे गठ्ठे, खुर्च्या, पाण्याचे मटके सगळं ट्रकांत घालून निघाली, आणि त्या सामानात यांचंही नाव होतं. मोठे भाऊजी आधीच इंदूरला गेले होते. ज्या घरात पानं मांडायला जागा पुरत नसे, तिथे आता चारच पाट मांडायचे.

मी मात्र खूश होते, खोटं कशाला बोलू. नवीन गाव, दोन खोल्या, आणि त्यात तुम्ही नाही. तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही चुलीसमोर परात घेऊन कणीक तिंबताय. मी आडून आडून म्हणते, "यांच्या जेवणाचे हाल होतील तिकडे." तुम्ही मान वर न करता म्हणता, "होऊ देत. दोन दिवस कच्च्या पोळ्या खाईल, तिसऱ्या दिवशी शिकेल." मी म्हणते, "मी गेले असते सोबत." तेव्हा तुमचे हात थांबले. "जा की. तुला कुणी बांधून ठेवलंय? पण महालक्ष्म्या ह्या घराचा उंबरठा ओलांडत नाहीत. दख्खनेतून आल्यापासून आपल्या घराण्याची रीत आहे ती. माझे हात आता वर जात नाहीत, त्यांना साडी कोण नेसवणार? जेवू कोण घालणार? तू जा खुशाल. देवी उपाशी बसल्या तर त्याचं श्रेय तुझं." आणि पुन्हा कणीक तिंबायला लागलात.

मग काय जाते मी! हे ट्रंक घेऊन गेले आणि मी राहिले. पोरगं इथेच झालं, इथेच चालायला लागलं. महिन्याअखेरीला हे यायचे तेव्हा पोरगं यांना बघून तुमच्या पदराआड लपायचं आणि विचारायचं, "हे कौन आहेत?" तुम्ही हसायचात. मला हसू येत नसे. भाद्रपदात मात्र सगळे यायचे. इंदूरचे, भोपाळचे, गर्दीत उभ्याने प्रवास करून. पहिल्या दिवशी महालक्ष्म्या येणार, दुसऱ्या दिवशी जेवणार, तिसऱ्या दिवशी जाणार, आणि त्यांच्या मागोमाग घरची माणसंही जाणार. ते तीन दिवस तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत जाई. चौथ्या दिवशी तुम्ही मुखवटे चिंचेने घासायचात, तेव्हा कुणाशी बोलत नसायचात.

यांची पत्रं यायची ती मीच तुम्हाला वाचून दाखवायची, कारण सासऱ्यांचे डोळे अधू झाले होते. अडखळत वाचायचे मी. सगळंच वाचत नव्हते, हे तुम्हाला कळत होतं. हे लिहायचे की संध्याकाळी तलावावर वारा सुटतो आणि एकट्याला तो सहन होत नाही. आता ते सासूपुढे मोठ्याने कोण वाचेल? मी म्हणायचे, "प्रकृती ठीक आहे, हवा चांगली आहे." तुम्ही कागद उलटा धरून बघायचात. "दोन्ही बाजू भरल्यात आणि हवा चांगली आहे एवढंच?" मी म्हणायचे, "त्यांचं अक्षर मोठं आहे." "हो का? मग तुझे कान कशाने लाल झाले?" आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही तुमची जाड रजई माझ्या अंगावर टाकलीत. म्हणालात, "घे, मला उकडतं." ग्वाल्हेरच्या पौषात कुणाला उकडतं, सासूबाई? तेव्हा मी ती नाकापर्यंत ओढून घेतली, कारण रजई ऊबदार होती.

पुढे यांनी धडपड करून इकडे बदली करून घेतली. तुम्ही गेलात, सासरे गेले, काही वर्षांपूर्वी हेही गेले. मुलाला नोकरी लागली ती भोपाळलाच, जणू त्या गावाचं आमच्याकडे काही देणं राहिलं होतं. मी मात्र इथेच. मुलगा दरवर्षी म्हणायचा, "आई, चल तिकडे. महालक्ष्म्या पण तिकडेच बसवू." मी म्हणायचे, "त्या उंबरठा ओलांडत नाहीत." गेल्या वर्षी ज्येष्ठेला नथ घालताना मी पाटावरून घसरले आणि तिच्यासकट खाली आले. तिला काही झालं नाही, माझा गुडघा गेला. तेव्हापासून एकच घोर. मी उठू शकले नाही तर ह्या दोघींना कोण बसवणार? आणि भोपाळला नेल्या, तर इतक्या पिढ्यांची रीत मोडणारी सून म्हणून माझंच नाव लागणार. वर आल्यावर दारातच तुम्ही उभ्या असणार, हेही दिसत होतं.

श्रावणात वन्सं आल्या होत्या, टोपी बाजारातल्या आपल्या घरून, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. तुमची लेक ऐंशीच्या पुढे गेली, पण जीभ अजून चालते, कुणावर गेली ते सांगायला नको. त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "वन्सं, यंदा माझ्याने होत नाही. काय करू?" त्या म्हणाल्या, "त्यात काय, भोपाळला ने." मी म्हटलं, "त्या उंबरठा ओलांडत नाहीत ना." वन्सं चहा फुंकायच्या थांबल्या. "कोण म्हणालं?" "तुमची आई." सासूबाई, तुमची लेक इतकी हसली की कवळी काढून हातात घ्यावी लागली. मला आधी वाटलं, ठसका लागला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "बाबांची नेमणूक शिवपुरीला होती ना, मी परकर नेसायची तेव्हा? दोन्ही वर्षं महालक्ष्म्या शिवपुरीलाच बसल्या. छोट्या रेल्वेतून नेल्या आम्ही. कनिष्ठेच्या हनुवटीला पोचा आहे बघ, तो कशाचा माहीत आहे?" मी म्हटलं, "दख्खनेतून येताना घोड्यावरून पडली तेव्हाचा." "कसला घोडा! माझ्या मांडीवरून पडली ती, गाडीने गचका दिला तेव्हा. आईने मला तिथेच सगळ्या डब्यासमोर चोपलं."

मी आत जाऊन मुखवटा काढून आणला. पोचा होता तिथेच होता. इतकी वर्षं मी त्या पोच्याला हळद-कुंकू वाहताना घोडा, लढाया, नर्मदा, काय काय डोळ्यांपुढे आणत होते. वन्संना विचारलं, "मग ही रीत कधीपासून?" त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी सासरी होते. तूच आठव, तू पहिल्यांदा कधी ऐकलीस." मला आठवायला वेळ लागला नाही. परात, कणीक, आणि थांबलेले हात. त्याआधी कधी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

राग आला, नाही कशाला म्हणू. त्या दिवशी तुमच्या फोटोकडे पाठ करून जेवले. माझी ऐन उमेदीची वर्षं एका परातीपाशी बसून तुम्ही बांधून टाकलीत, आणि तीही देवीचं नाव पुढे करून. पण भात संपेपर्यंत राग टिकला नाही. राज्य गेलं, नवऱ्याची कचेरी गेली, एक मुलगा इंदूरला गेला, दुसरा निघाला. तुमच्या हातात राहिलं काय, तर दोन पितळी तोंडं. तुम्ही तीच दाराशी आडवी लावलीत. दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. आणि खरं सांगू, एकदम हलकं वाटलं. रीत देवीची असती तर मोडायची भीती. पण ही तर तुमची होती, आणि तुमच्याशी तर मी जन्मभर भांडले आहे. त्या दुपारी मी झोपले. श्रावणात, सणाची सगळी तयारी डोक्यावर असताना, इतकी गाढ झोप मला कधी लागली नव्हती.

मुलगा न्यायला आला. मुखवटे तुमच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि डबा मांडीवर घेतला. समोरच्या बाईने विचारलं, "अम्मा, इसमें क्या है? ऊपर रख दो ना." मी म्हटलं, "दो सवारी हैं, टिकट नहीं लिया. धीरे बोलो." मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला लहानपणापासून माझी लाजच वाटते.

सून तिकडचीच, हिंदी बोलणारी. पण तिने सगळं शिकून घेतलं आहे, आणि मी चुका काढते तेव्हा तोंड वाकडं करत नाही, हे मी तिच्यासमोर कधी कबूल करणार नाही. तिने लिफ्टच्या दारापासून घरापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. मी म्हटलं, "लिफ्टपासून कशाला?" ती म्हणाली, "माँजी, और कहाँ से आएँगी? सीढ़ियाँ चढ़ेंगी क्या, चार मंज़िल?" ज्येष्ठा सुनेच्या हातात, कनिष्ठा नातीच्या, दोघी खालून लिफ्टने वर आल्या. सून बाहेर आली, आणि नातीचा पाय निघायच्या आत दार बंद झालं. गेली कनिष्ठा वर! मी पावलांवर उभी राहून ओरडतेय, सून बटण दाबतेय, मुलगा जिन्याने धावतोय. थोड्या वेळाने लिफ्ट आली तर आत नात, कनिष्ठा, आणि वरच्या मजल्यावरची एक शीख सरदारीण, हात जोडून. नात म्हणाली, "आजी, ही आंटी म्हणाली की देवी जी घर आई हैं तो मैं भी चलूँ." मी विचारायचं ते विचारलं, "कोण आली?" सून म्हणाली, "लक्ष्मी आली." आणि सरदारीणही म्हणाली, "आली जी, आली." तिला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलवावं लागलं. पुरणपोळी तिने मागून घेतली.

विसर्जन झालं आणि सगळं आवरताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी परत इथे येणार होते, मला ह्या घरातच बरं वाटतं, तिथे खिडकीतून समोरची खिडकीच दिसते. पण मुखवटे आता तिकडेच राहणार. म्हणजे भाद्रपदात ग्वाल्हेरला यायचं कुणाला काही कारण उरलं नाही. मी सुनेला चिंच दाखवत होते, पितळ कसं घासायचं ते. ती म्हणाली, "माँजी, अगले साल आपको तकलीफ नहीं देंगे. मी सगळं करेन." मनापासून म्हणाली बिचारी.

माझे हात थांबले. मी म्हटलं, "सगळं कर. पण आंबील आपल्याकडे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनेच ढवळायची असते. तिला मुलाने स्वतः जाऊन घेऊन यायचं. नाही तर महालक्ष्म्या पानाला हात लावत नाहीत." सुनेने लगेच मान डोलावली. नात मात्र मोठी चलाख, तिने माझ्याकडे तिरकं बघितलं. "आजी, ये रूल कब से है?"

मी मान वर केली नाही. "राज्य होतं तेव्हापासून," म्हटलं, आणि मुखवटा घासायला लागले.

कपाटातली मुखवट्यांची फळी आता रिकामी आहे. हा कागद तिथेच अंथरते, फळीला धूळ लागणार नाही. सुनेला ह्यातलं काही सांगणार नाही. वन्संना तर मुळीच नाही, त्या पुन्हा कवळी काढतील. फक्त तुम्हाला सांगते, सासूबाई, कारण तुम्हाला वाचता येत नाही: तुमची रजई अजून मीच पांघरते, आणि ह्या वर्षी ती घेताना मला तुमचा राग आला नाही.