ओलीस ठेवलेली शिवराई

अण्णा,

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा सूर मऊ वाटला तर झालं, मिटलं, असं तुम्ही समजायला नको. मिटलेलं नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं लोक मला सांगतात. त्यांना कुणी दोन पाहुण्यांसमोर, हातात पोह्यांच्या बशा असताना, 'नाणं घासलंस' म्हणून खोलीबाहेर काढलेलं नसतं, म्हणून त्यांना हे सुचतं.

रविवारची सकाळ आहे. काशीतल्या दूधविनायकाच्या आपल्या घरातली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. तुम्ही खिडकीपाशी बसला आहात, कारण गल्लीतून येणारा उजेड तेवढाच. पुढ्यात सुताराकडून करून घेतलेली खणांची पेटी, प्रत्येक खणात जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि त्यावर एकेक नाणं. ब्रह्मा घाटावरून वैदिक काका स्नान उरकून येतात, ओला पंचा खांद्यावर तसाच. मुन्शी घाटाकडून रेल्वेकाका येतात, सगळी नोकरी पार्सल ऑफिसात गेलेली, तोंडात पान. तिघेही सत्तरीच्या आगेमागे. तिघांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू फक्त बाकीच्या दोघांना आहे अशी तिघांचीही खात्री. मी पस्तिशीची, शाळेत मास्तरीण, आणि आठवड्यातली एकुलती सुट्टी तुमच्या शेजारी बसून नाण्यांवरची अक्षरं वाचून दाखवण्यात घालवणारी. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला ते आवडायचं. नाणं कडेनं धरायचं, उजेड तिरका घ्यायचा, न दिसणारं अक्षर बोटानं चाचपायचं आणि काही झालं तरी नाणं घासायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं. तांब्यावर दोन-तीनशे वर्षांत जो काळपट हिरवा रंग चढतो तेच नाण्याचं वय, तो घालवला की नाणं मेलं, असं म्हणायचात. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हे ऐकत आले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्ही हेच विसरलात.

तुम्हा तिघांची एक रीत होती. एखाद्याचं नाणं निवांत पाहायचं असलं की ते घरी न्यायचं, आणि त्याच्या रिकाम्या खणात आपलं एक नाणं ठेवून जायचं. त्याला तुम्ही ओलीस म्हणायचात. नाणं परत आलं की ओलीस सुटायचं. ऐकायला किती छान! पण हे सगळं तोंडी. रेल्वेकाकांनी एकदा बिचकत म्हटलं, "एक रजिस्टर ठेवू या का? पार्सलला आम्ही ठेवायचो." त्यावर वैदिक काका असे भडकले की पोहे बशीतच राहिले. "लिहून ठेवायचं म्हणजे एकमेकांवर विश्वास नाही! आमच्या घराण्यात संहिता मुखोद्गत आहे, अक्षर इकडचं तिकडे होत नाही, आणि चार सिक्के लक्षात राहणार नाहीत?" तुम्ही मान डोलावलीत. रजिस्टर तिथंच संपलं.

चार सिक्के लक्षात राहत नव्हते, अण्णा. एकही राहत नव्हता. एका रविवारी रेल्वेकाका जिना चढतानाच ओरडत आले, "अण्णा, काय जबरदस्त सिक्का मिळालाय! ठठेरी बाजारात असणार, आता नीट आठवत नाही, पण बघाच!" तुम्ही भिंग लावून पाहिलंत, वा वा केलंत आणि आठवडाभर घरी ठेवायला मागून घेतलंत, वर स्वतःचं एक नाणं ओलीस म्हणून दिलंत. काकांनी आणलेलं ते नाणं मुळात तुमचंच होतं. दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच ते त्यांच्याकडे ओलीस ठेवलं होतं. मी तसं सांगितलं तर तुम्ही दोघांनी माझ्याकडे असं पाहिलंत, जशी मी मंगलकार्यात शिंकले. आणि ती गालातली गोष्ट! भिंग पुसायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून रेल्वेकाकांनी एक बारकं चांदीचं नाणं गालात धरलं आणि विसरले. पाऊण तास तिघांनी मिळून खोली पालथी घातली, सतरंजी झटकली, माकडानं नेलं का म्हणून खिडकीबाहेरही डोकावून झालं. तुम्ही विचारता, "शेवटचं कुठं ठेवलंत?" ते म्हणतात, "ऊं, ऊं." काशीत तोंडात पान असलेला माणूस असंच बोलतो, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. आईनं चहा आणला आणि पहिल्या घोटालाच नाणं बशीत पडलं. काका म्हणाले, "मी सांगत नव्हतो, खोलीतच आहे!" त्या दिवशी मी पोट धरून हसले होते. तुम्हा तिघांच्या विसरभोळेपणाचं मला तेव्हा कौतुकच होतं, कारण ते अजून माझ्यावर शेकलं नव्हतं.

मग ती दिवाळीनंतरची बैठक. तुम्ही पेटी उघडलीत, पहिल्या खणातली शिवराई उचललीत आणि थांबलात. आपल्या घरातलं काशीला आलेलं पहिलं माणूस कोकणातून निघालं तेव्हा धोतराच्या गाठीत बांधून आणलेली ती शिवराई. तुमच्या सगळ्या साठ्यात तेवढं एकच नाणं विकत किंवा बदली घेतलेलं नव्हतं. खणात होती ती शिवराई नव्या तांब्यासारखी लखलखत होती.

"ही घासलीय," तुम्ही म्हणालात. "कुणी घासली?"

मी वाकून पाहिलं आणि मला लगेच कळलं. "अण्णा, ही आपली नाहीच. आपल्या शिवराईवर 'शिव' मधला 'व' पुरता आहे. हिच्यावर अर्धाच उमटलाय. ही कुणाची तरी ओलीस असेल."

"घासून घासून अर्धा 'व' उडवलास तू! दिवाळीची देवाची भांडी घासायला काढली होतीत ना? त्यातच चिंच लावलीस!"

मी वैदिक काकांकडे पाहिलं. त्यांनी नाणं डोळ्यांजवळ नेलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "घासलेली आहे खरी. हुबेहूब अशीच चमक आमच्याकडे येते, सूनबाई पूजेतली भांडी घासते ना, तेव्हा." अण्णा, माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता की हे नाणं त्याच्या घरचं आहे! त्यालाही कळलं नाही आणि तुम्हालाही नाही. उलट तुम्ही म्हणालात, "बघ, वैदिकांनाही कळलं." आणि मग ते वाक्य, जे मी आजही जसंच्या तसं म्हणून दाखवू शकते. "जिला नाण्याची किंमत नाही तिनं या खोलीत पाय ठेवायचा नाही." माझ्या हातात तिघांच्या बशा होत्या. मी त्या खाली ठेवल्या आणि निघून आले. स्वयंपाकघरात आई म्हणाली, "जाऊ दे गं. बोलतात आणि विसरतात." तिचं म्हणणं खरं निघालं, हाच तर सगळा घोळ झाला.

सहा वर्षं, अण्णा. सहा वर्षं मी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. पेटीची चाबी तुम्ही जानव्याला बांधलीत, जसा काही घरात चोर शिरला होता. मी तुमचं जेवण वाढत होते, औषधं आणत होते, पेन्शनसाठी तुम्हाला रिक्षातून नेत होते, आणि तुम्ही माझ्याशी सब्जीबद्दल बोलत होतात, हवेबद्दल, शेजाऱ्यांच्या मोरीबद्दल. नाण्यांबद्दल एक अक्षर नाही. रविवारी मी खाली पोळ्या लाटायची आणि वरून तुमची वाचनं ऐकू यायची. एकदा लखनौकडच्या एका रुपयावर तिघांनी तासभर वाद घातला. रुपयावरच्या मासळीला तुम्ही तलवार म्हणत होतात, रेल्वेकाका होडी म्हणत होते, वैदिक काका तर बाण. मी लाटणं हातात घेऊन जिन्याच्या तळाशी उभी राहिले आणि ओरडले, "मासळी आहे ती! लखनौच्या रुपयावर मासळीच असते, उलटी धरली असणार तुम्ही!" वर कुणालाच ऐकू गेलं नाही. मला इतका संताप आला की त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या करपल्या. मला ती खोली हवी होती, अण्णा. माझ्या शाळेपेक्षा, माझ्या न झालेल्या लग्नापेक्षा मला ती खोली जास्त हवी होती, आणि तुम्ही एका अर्ध्या 'व' वरून ती काढून घेतलीत.

सातव्या वर्षी एका दुपारी वैदिक काकांची सून दाराशी आली. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले. तिच्या हातात दंतमंजनाची एक जुनी डिब्बी होती. "ताई, भिंतींच्या पुताईसाठी अलमारी सरकवली, तर मागे ही पडलेली मिळाली. मामंजी म्हणाले, अण्णांना नेऊन दे." एवढं बोलून ती घाईघाईनं गेली. मी झाकण काढलं. कापसात आपली शिवराई. काळपट हिरवी, 'व' पुरता. मी सहा वर्षांनी पहिल्यांदा तो जिना तडातडा चढून तुमच्या खोलीत शिरले. काय बोलायचं ते सगळं तयार होतं. सहा वर्षं पोळ्या लाटताना मी तेच तर पाठ करत होते.

तुम्ही शिवराई तळहातावर घेतलीत. बोटानं चाचपलीत. "ही आपली!" म्हणालात आणि तुमचा चेहरा असा फुलला की मला तो आवडू नये म्हणून मी खिडकीकडे पाहिलं. मी म्हटलं, "वैदिक काकांकडे होती. ती चकचकीत त्यांची ओलीस होती. मी घासलेली नव्हती."

"मला का सांगतेस?" तुम्ही म्हणालात. "मी तेव्हाच वैदिकांना बजावलं होतं. म्हटलं, माझी पोर नाणं घासणार नाही. तेच आपले हट्टाला पेटले होते."

"अण्णा, तुम्ही मला खोलीतून काढलंत."

"मी? छे! तूच आली नाहीस. मला वाटलं, कंटाळलीस म्हाताऱ्यांना. इतकी वर्षं कुणी धड वाचून दाखवायला नाही इथं."

तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हे मला तुमच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खोटारड्या माणसाशी भांडता तरी येतं. तुम्ही माझ्यावर केलेला अन्याय विसरलात तेवढ्यानं भागलं नाही, त्या जागी माझी बाजू घेणारा एक बाप आणून बसवलात, आणि तो बाप इतका खुशीत होता की त्याच्याकडून माफी कुणी आणि कशी वदवून घ्यायची? तुम्ही जानव्याची चाबी सोडून माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "चल, वाच." मी वाचलं. दात-ओठ खात पेटी संपेपर्यंत वाचलं. पुढच्या पावसाळ्यात वैदिक काका गेले, हिवाळ्यात तुम्ही. शेवटपर्यंत त्याच समजुतीत राहिलात.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले. वैदिक काकांची ती सून आली होती. तीही आता आजी झालीय, गुडघे धरून बसते. चहा पिता पिता म्हणाली, "ताई, एक बात मनात राहून गेलीय. मामंजी अखेरच्या दिवसांत फार हळहळायचे. म्हणायचे, ती शिवराई मीच आणली होती, घरी गेल्यावर आठवलं, पण कुठं ठेवली ते आठवेना. सिक्क्याशिवाय कुठल्या तोंडानं सांगू? माझ्यामुळे अण्णांनी त्या पोरीला खोलीतून काढलं. मला म्हणाले होते, तिला सांग. डिब्बी दिली तेव्हा माझी हिंमतच झाली नाही. खरंच का अण्णा तुम्हाला इतकं बोलले होते?"

पाहा अण्णा, तीसेक वर्षांनी माझा उरलेला एकुलता एक साक्षीदार स्वतःच्या पायांनी घरी चालत आला होता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्या एका शब्दासाठी मी जन्मभर थांबले होते. आणि मी म्हटलं, "छे गं. अण्णा कशाला बोलतील? त्यांनी तर तेव्हाच सांगितलं होतं, माझी पोर नाणं घासणार नाही म्हणून."

तिचा जीव भांड्यात पडला. ती गेल्यावर मी स्वतःवर इतकी चिडले की कप विसळताना त्याचा कान तुटला. का बोलले तसं, मला माहीत नाही. तिला बरं वाटावं म्हणून, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. म्हणताना मलाच बरं वाटलं, अण्णा. फार बरं वाटलं. राग मात्र आहे तसाच आहे, आणि हे पत्र तुम्हाला मिळणार असतं तरी मी पाठवलं नसतं, कारण मी तिला सांगितलेली तेवढीच ओळ वाचून तुम्ही मान डोलावली असतीत आणि म्हणाला असतात, "बघ, तुलाही आठवलं ना शेवटी."