तेल टाळूवर का ठरत नाही?

प्रिय दीपाली,

बाळाचं काहीही बिघडलं की दोष आईचा, हे आपण दोघी बहिणी सासरी ऐकत आलो. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, म्हणून नागपूरहून हे पत्र. मी मजेत आहे. तू नीट जेवतेस ना?

टाळू भरताना तेल ठरत नाही, मधल्या उंचवट्यावरून दोन्हीकडे ओघळतं, असं तू हसत म्हणालीस. मला हसू आलं नाही. आणि भर उकाड्यात प्रत्येक फोटोत तुझ्या स्वरूपला टोपी कशाला? डोक्याचा आकार दिसू नये म्हणूनच ना?

तुझ्या सासूबाई म्हणतात, "तुझ्या हातालाच वळण नाही!" साफ खोटं! मला शंका आहे, त्याच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळताहेत. त्यावर शस्त्रक्रिया होते. इथल्या अशाच एका मुलाची आई तुझ्याशी बोलायला तयार आहे.

कुणाच्या परवानगीसाठी थांबू नकोस. पत्र मिळताच त्याला रत्नागिरीला बालरोगतज्ज्ञांकडे ने.

तुझ्या बाजूची,
उल्काताई