सुगंती जाण्याआधीची पोस्टरं

३ फेब्रुवारी, सोमवार

सुगंतीनं स्वतःच्या मरणाचं पोस्टर तपासायला मला बोलावलं. इकडं कुणी गेलं की फोटोसकट पोस्टर भिंतींवर लावतात, हिनं आपलं आधीच करवून घेतलंय. कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण, म्हणून हा मान. यकृत संपलंय, डॉक्टर महिना म्हणालेत, आणि ही चष्मा लावून विचारते, "विद्या, फोटोत माझ्या दोन हनुवट्या दिसतात का गं?"

तीन, म्हटलं.

रागावली नाही. "येशूकडेच निघालेय, तू का रडतेस?" मी रडत नव्हते, संतापले होते. एकोणसाठ वर्षांत ही मला न विचारता जवळच्या कोवलमला मासे आणायलासुद्धा गेली नाही. आता परस्पर निघाली!

४ फेब्रुवारी

बायबलच्या परीक्षेत पहिली मी यायचे. मार्क मी मिळवले, विश्वास तिनं ठेवला. सिस्टरांनी कुणाला काय शिकवलं कोण जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिचा भाचा, नवीन त्याचं नाव, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात असतो. पोस्टर छापून कपाटात ठेव, असं त्याला सांगितलं होतं. रात्रपाळीनं पेंगुळलेला, छापखान्याला फोनवर "छापा" एवढंच म्हणाला. छापखान्याचा रिवाज असा, की मयताचं पोस्टर छापलं की पहाटे चिकटवून मोकळं व्हायचं.

सकाळी दुधाला निघाले, तर सैदापेटच्या भिंतीभिंतीवर सुगंती. पुढच्या भिंतीवरही. तिच्या घरी कशी पोचले आठवत नाही. बाई इडली खात होती.

दहापासून माणसं हार घेऊन यायला लागली. दार लाव, म्हटलं. "छे, उन्हातून आलीत बिचारी." रेशमी साडी नेसून ओसरीवर बसली आणि हार गळ्यात घालून घेऊ लागली. "प्रार्थनेत माझ्याबद्दल जे बोलणार होतात ते आताच बोला, मला ऐकायचंय."

शेजारच्या राजसबाई, आमच्या तंजावूरकडच्याच मराठी. शेवग्याच्या एका फांदीवरून सुगंतीशी अकरा वर्षं अबोला. "देवमाणूस होती हो," असं रडत फाटकातून आल्या. देवमाणूस समोर कॉफी पीत होता. राजसबाईंनी डोळे पुसले. "आहेस ना? मग ती फांदी काप."

मयत ठेवायच्या बर्फाच्या पेटीची गाडीसुद्धा आली. "अजून नाही तंबी," सुगंती गाडीवाल्या पोराला म्हणाली, "कॉफी घेऊन जा."

पास्टर सगळ्यात शेवटी आले. म्हणाले, "पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, पण इतक्या लवकर अपेक्षा नव्हती."

पोट दुखेपर्यंत हसलो. मग मी घरी आले. आज सगळ्यांनी तिचा निरोप घेतला. मी घेतलेला नाही. घेणारही नाही.

७ फेब्रुवारी

गेले नाही. रागावलेय.

८ फेब्रुवारी

गेले. "आलीस? काल कंटाळा आला," म्हणाली. तिच्या पावलांना सूज आहे.

१५ फेब्रुवारी

बोलणं कमी झालंय. मीच भांडते दोघींच्या वतीनं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी भाचा औषध आणायला गेला, तेव्हा सुगंतीनं माझं मनगट धरलं. "विद्या, तिकडं कुणीच नसलं तर?"

जन्मभर खात्रीनं बोललेली बाई. आणि विचारते कुणाला, तर मला, जी शनिवारी मारुतीला तेल वाहते.

"आहे," म्हटलं. "तो आहे. तू पुढं हो, मी मागून येतेच."

झोपली. चारला गेली.

तिला धीर द्यायला म्हटलं होतं. संध्याकाळपासून मीच ते धरून बसलेय.