घास भरवण्याचा हक्क

मी, एका सुताराची विधवा, हल्ली मुक्काम शुश्रूषागृहाचा वरचा मजला, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहून घेत आहे. हात कापतो म्हणून अक्षर वकीलबाईंचं, शब्द माझे. डॉक्टरांनी सकाळी वार, महिना आणि मुलांची नावं विचारली. सगळं बरोबर आलं. तेव्हा म्हातारीला भ्रम झाला होता असं मागाहून कोणी म्हणू नये.

राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना समान हिश्श्याने द्यावं. विकायचं झाल्यास दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं. वकिलामार्फत निरोप चालणार नाहीत.

ह्यांची हत्यारं, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती, मुलीला. ती लहानपणापासून ह्यांच्या शेजारी उभी राहून लाकूड तासायची. मुलाला भुश्श्याने शिंका यायच्या, त्याला तो काय करणार? ह्यांची आरामखुर्ची त्याची.

धाकट्या जावेला काही नाही. तिचा डोळा माझ्या बांगड्यांवर आहे, हे मी जाणून आहे. पण हे गेले तेव्हा भेटायला येऊन ती सगळ्यांदेखत म्हणाली, "लेकीने चहा पाजला आणि बाप गेला." बांगड्या इथल्या आयाबाईंना द्याव्यात.

जाऊ बोलली तेच माझा मुलगाही धरून बसला आहे, म्हणून घडलं ते नोंदवते.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ह्यांचं गिळणं बिघडलं. याच शुश्रूषागृहात ह्यांना सगळं वाटून, गाळून मिळे. पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. पातळ काही दिलं तर ते छातीत उतरण्याची भीती. तरीही दोनदा न्यूमोनिया झालाच. मग हे तोंड मिटून घ्यायला लागले. चमचा ओठाला लावला की मान फिरवत. जन्मभर राबलेला माणूस, डोळ्यांत पाणी आणून भिंतीकडे बघत पडून राही.

डॉक्टर म्हणाले, यातून सुधारणा नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी मला बसवून सांगितलं, "पथ्य पाळा किंवा धोका पत्करून आवडीचं थोडं द्या. यातलं काहीच चूक नाही." मुलाला फोन केला, तर म्हणाला, "मी आल्यावर बघू." कामातून त्याचं येणं होईना.

मुलगी आली. तिने ह्यांनाच विचारलं, "बाबा, चहा देऊ? साधा, पातळ. ठसका लागेल हं."

ह्यांनी तोंड उघडलं.

तिने चमच्याचमच्याने पाजला. हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. काही दिवसांनी ताप चढला आणि हे गेले.

बाहेर व्हरांड्यात मुलगा तिला म्हणाला, "बाबांना तू मारलंस." आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं, मी समजावलं, तो ऐकेना. आता दोघं मला भेटायला वेगवेगळ्या दिवशी येतात. माझ्याही ताटलीत वाटलेलं अन्न येऊ लागलंय. भरवायची वेळ झाली की माझी लेक चमचा आयाबाईंकडे देते आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहते.

म्हणून शेवटचं कलम. वकीलबाई म्हणतात, "आजी, हे जिवंतपणीचं आहे, मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, बसवा. एक प्रत मुलाला आजच द्या.

माझं गिळणं संपत आलं की मला काय द्यायचं, हे मुलाने ठरवावं आणि स्वतःच्या हाताने भरवावं. ही शिक्षा नाही रे बाळा. तुझ्या वडिलांचे डोळे तेव्हा तू पाहिले नाहीस, माझे पाहा. मी तोंड उघडीन किंवा मिटून घेईन, त्यावरून समज. पुढे जे होईल त्याचा दोष मी कोणाच्याही नावावर ठेवलेला नाही.

मग बाहेर येऊन बहिणीला फोन कर. काय बोलायचं ते तुला तेव्हा सुचेल.

सही: (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार: १. आहारतज्ज्ञ बाई २. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई

दोघींनी माझ्यासमोर सह्या केल्या. मास्तरीणबाई रडत होत्या, पण शुद्धीवर होत्या.

स्थळ: शुश्रूषागृह, वरचा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर