पाठमोरी काढलेली दृष्ट

रविवार, १२ मे २०१३

प्रिय मल्लूताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. आप्पांची दृष्ट काढताना आईला लागोपाठ जांभया आल्या, हे खरं. पण 'एकट्या आईलाच आल्या' असं मी लिहिलं, ते खोटं आहे. मी दाराशी उभी होते, मलाही तीन आल्या. ओढणीआड दाबल्या. माझ्या हातात ना मीठ होतं, ना मोहरी. मग मला कशाच्या आल्या?

फोन सतत आप्पांच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र चाऱ्याच्या ट्रकवाल्या बंकटजवळ देते आहे. तुमच्याकडच्या उसाचे वाढे भरायला तो आज निघालाय, म्हणजे रात्रीपर्यंत तुला मिळेल. इथं मांजरसुंब्याच्या अलीकडे दुष्काळानं सगळं राखेसारखं झालंय. दूध संस्थेत दूध येत नाही, म्हणून संस्थेनं चारा छावणी घातली आणि ती आप्पांच्या गळ्यात पडली. दिवसभर पत्र्याखाली उभं राहायचं आणि जांभया द्यायच्या. पाडव्यापासून हे असंच चाललंय. छावणीत म्हशी बांधलेले तात्याबा सगळ्यांसमोर म्हणतात, "कल्याणराव, तुझं बघून माझ्या म्हशीबी रवंथ सोडून आ वासायल्यात बे!" आप्पा हसतात आणि हसता हसता पुन्हा जांभई देतात. ते बघून मीही दमते.

आईचं तुला माहीत आहेच. दृष्ट काढणारीला जांभया आल्या, की दृष्ट लागली होती हे ठरलं. जितक्या जांभया, तितकी ती जड. अर्ध्या गावाची लेकरं तिच्यापुढे बसून गेलीत. पण शाळेत नाव घालण्याआधी आप्पांनीच मला डेअरीच्या ओट्यावर बसवून शिकवलं होतं, की डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगायचं. त्या तीन जांभया मला स्वस्थ बसू देईनात. शेवटी छावणीत गुरं तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर हाय बाई, पण वाचलंय ते सांगतो." रक्तात प्राणवायू कमी पडला की जांभई येते, असं आपण शिकलो ना? तेही खरं नाही म्हणे. माणसांना निव्वळ प्राणवायू हुंगायला देऊन पाहिलं, तरी जांभया कमी झाल्या नाहीत. तापलेलं डोकं थंड करायला ती येते, असं काही जण म्हणतात, पण पक्कं कुणालाच ठाऊक नाही. एक मात्र पुष्कळदा दिसलंय. जांभई बघणाऱ्याला लागते, आणि परक्यापेक्षा आपल्या माणसाची लवकर लागते.

म्हणजे आईला येत होत्या त्या आप्पांच्याच जांभया.

हे खरं की खोटं, ते मला बघायचं होतं. परवा शुक्रवारी आई पुन्हा मीठ-मोहरी घेऊन आली, तेव्हा मी आप्पांना म्हटलं, "आज उगवतीकडं तोंड करून बसा." ते बसले. उगवतीला भिंत, म्हणून आईला मागेच उभं राहावं लागलं; त्यांची पाठ तिच्याकडे आली, तोंड दिसेना. मीही मागेच उभी राहिले. आईला एकही जांभई आली नाही. मलाही नाही. मला वाटलं, आता आईला सगळं नीट समजावून सांगता येईल. पण मी तोंड उघडायच्या आत तिनं मीठ चुलीत टाकलं आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "उतरली बाई समदी." महिन्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला होता. माझ्याच्यानं बोलवलं नाही.

काल दुपारी पेंढ्या वाटताना आप्पा चक्कर येऊन पडले. मिनिटभर शुद्ध नव्हती. त्याच डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. नाडी फार मंद आहे, म्हणाले. सारख्या जांभया आणि ही चक्कर, काळजाचं काही असू शकतं, दोन-तीन दिवसांत अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. आई म्हणाली, ऊन लागलं असंल. डॉक्टर चिडले, "म्हशीनं चारा सोडला तर माझ्याकडं पळत येता, आन् माणसाला मीठ-मोहरी?" आप्पा मात्र हलायला तयार नाहीत. "कावून जायचं दवाखान्यात? उतरली की दृष्ट. तुझ्या आईला एक जांभई आली न्हाई."

ताई, त्यांना पाठमोरं मी बसवलं होतं. ते कशासाठी, हे त्यांना ठाऊक नाही, आईलाही नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे. मी सांगितल्याशिवाय आप्पा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, आणि सांगितलं की आईचे सगळ्या जन्माचे हात रिकामे होतील. तेव्हा तिच्याजवळ तू असावीस, म्हणून हे पत्र. उद्या निघालीस तर मुक्कामाला पोचशील. पण तू आलीस, न आलीस, तरी मी थांबणार नाही. दोघांना समोर बसवून खरं ते सांगेन आणि पहिल्या एसटीनं आप्पांना अंबाजोगाईला नेईन. मंगळवारी, १४ मे रोजी.

तुझीच,
गंगासागर