दोरा गेला, आला नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

डॅश चार, गॅप चार. जाडी दीड. टोकं गोल. — पुन्हा नाही जमलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ हायवेवरच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखी दिसते. कापडावर तशी दिसत नाही.

कापड म्हणजे हातभर इरकली खण, मेंदीच्या रंगाचा. एक कड गोल कापलेली, दुसऱ्या सरळ कडेला पांढऱ्या दोऱ्यानं कसुतीचं भरतकाम. लहान लहान देवळं, एकाशेजारी एक. वर शिखर, खाली चौकट. मैंदर्गीचं सासर सोडलं तेव्हा माझ्या ट्रंकेत तळाच्या कागदाखाली हे आलं. मी उचललं नव्हतं. सोलापुरात येऊन महिन्यानं सापडलं. टाका अत्तींचा, माझ्या सासूबाईंचा. ते लगेच ओळखलं. परत पाठवलं नाही. अकरा वर्षं झाली त्याला.

पुस्तक माझं आहे. पहिलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी. कोल्हापूरचे प्रकाशक म्हणाले, मुखपृष्ठ तुम्हीच करा, तुमचा तोच तर व्यवसाय. वीस तारखेपर्यंत हवंय. मुखपृष्ठाला चारी बाजूंनी ही रेघ फिरवायची असं पहिल्या दिवशीच ठरवलं. दुसरी कुठली नको. का, ते स्वतःला विचारलेलं नाही.

४ फेब्रुवारी

पाच दिवसांनी पाणी आलं. सकाळ त्यातच गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रेसमध्ये संगमेशसरांनी मागून येऊन पाहिलं. "लग्नपत्रिकेत गणपती बसवायला तुम्हाला पाच मिनिटं. आन स्वतःच्या पुस्तकाला महिना?" मालक आहेत, बोलणारच. पण जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरू देतात, काही म्हणत नाहीत.

बुद्धप्रियाला दाखवलं. शेजारच्या टेबलावर बसते, चादरीची लेबलं करते, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि हे सॉफ्टवेअर मला तिनंच शिकवलं. ती म्हणाली, "ताई, नुसत्या डॅशनं नाही व्हायचं. कापड स्कॅन करा, एक देऊळ रेघांत उतरवा आणि त्याचा पॅटर्न ब्रश करा. मग कुठलीही रेघ ओढा, देवळं लागत जातील."

केलं. खरंच लागत गेली! सरळ रेषेत फार सुंदर. गोलाकारातही चालली. चौकटीच्या कोपऱ्यावर मात्र फुटली. कोपऱ्यासाठी वेगळा तुकडा द्यावा लागतो. दिला नाही तर सॉफ्टवेअर स्वतः चार पर्याय पुढे करतं. चारही पाहिले. एकात देऊळ मधोमध दुमडतं, एकात शिखराला शिखर आपटतं. बाकीचे दोन सांगण्यासारखे नाहीत.

"कापडावर कोपरा कसा वळवलाय?" तिनं विचारलं.

कापडावर वळवलेला कोपराच नाही. देवळं कोपऱ्याच्या चार बोटं आधी थांबतात. दोरा संपला असेल असं मी आजवर धरून चालले होते.

६ फेब्रुवारी

सरळ मार्ग एकच. अत्तींना विचारायचं. फोन नंबर आहे. अक्कलकोटहून पुढे मैंदर्गीला एसटी जाते.

नाही विचारायचं.

कारण इथं लिहून ठेवते, एकदाच. २०१२च्या श्रावणात पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आले. अत्तींनी अंघोळीला पाणी काढलं, जेवायला वाढलं. बोलल्या काहीच नाहीत. त्या दिवशी नाही, पुढे दोन वर्षं नाही. बरं-वाईट एक शब्द नाही. गुरूशी, म्हणजे नवऱ्याशी, माझं जे बिनसलं ते बिनसलंच होतं, त्यानं नंतर दुसरं लग्न केलं, त्याचं मला काही वाटत नाही. पण अत्ती मला दोष देतात, हे मी त्या न बोलण्यावरून धरलं आणि ते घेऊनच निघाले.

त्यांची रेघ मला हवी. त्यांना विचारायला नको. असं आहे सगळं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यासाठी दुसरं कोणी शोधलं. आमच्या शुक्रवार पेठेतच, तीन घरं सोडून अक्कम्मा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. पूर्वी इरकलच्या पदरावर कसुती भरून द्यायच्या. चष्मा सापडत नव्हता. म्हणाल्या, "राहू दे, आण हिकडं." आणि कापडावरून अंगठा फिरवला. मग उलटं करून फिरवला. पुन्हा सुलटं केलं.

"हे अर्धं हाय की गं."

मी म्हटलं, हो, कोपऱ्याच्या आधीच थांबलंय.

"कोपरा ऱ्हाऊ दे. हे समदंच अर्धं हाय. आमच्यात दोरा एकदा जातोय आन एकदा येतोय. जाताना एक टाका वर, एक खाली. मधी मधी जागा सुटत्यात. मग फिरून त्याच वाटंनं मागं यायचं, सुटलेल्या जागा भरत. तवा रेघ पुरी व्हती. दोन्ही अंगानं सारखी. तुझा दोरा गेलाय. आला न्हाय."

पाच दिवस त्या सुटलेल्या जागा मोजत होते. डॅश चार, गॅप चार. गॅप नक्षीतला नव्हताच.

"कुणी घातलंय?"

"माझ्या सासूबाईंनी."

"हात चांगला हाय. मग सोडलं कशापायी?" उत्तराची वाट पाहिली नाही. कापड परत देताना एवढंच म्हणाल्या, "जपून ठेव. आमच्यात गाठ मारत न्हाईत. एक टोक वडलं की समदं निघून येतंय."

निघताना शेंगाची चटणी बांधून दिली.

१० फेब्रुवारी, सोमवार

बुद्धप्रियाला अक्कम्मांचं सगळं सांगितलं. तिला भारी वाटलं. म्हणाली, मग मागच्या बाजूला उरलेल्या जागा असणारच की, तोच दोरा आहे. मागूनही स्कॅन करू.

केलं. मागची बाजू आरशासारखी पालटली, पुढच्या बाजूवर दुसऱ्या लेयरला ठेवली, केसभर सरकवून जुळवली. जिथे जिथे मोकळं होतं तिथे तिथे रेघ आली. शिखर वरपर्यंत मिटलं. चौकटीचा तळ गोल निघाला. देवळाला गोल तळ कसा, असं मी म्हणतेय तोवर ती म्हणाली,

"ताई, देऊळ कुठलं? हा पाळणा आहे की."

शिखर म्हणजे पाळण्याच्या दोऱ्या. चौकट म्हणजे झोळी. तिची मुलगी दोन वर्षांची आहे, तिला लगेच दिसलं. मला अकरा वर्षं दिसलं नाही.

हातभर खण, एक कड गोल कापलेली. पाळण्यांची ओळ. बाळाची कुंची होणार होती ती.

"बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं. मी फाईल सेव्ह केली. मग लेबलांची कामं केली, संध्याकाळपर्यंत सतरा झाली.

११ फेब्रुवारी

मागच्या बाजूकडे कधी बघितलंच नाही. कापडाच्याही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन ब्रश तयार आहेत. एकाचं नाव 'जाणारा', एकाचं 'पूर्ण'. दोन्हींनाही कोपरा नाही. सात दिवस उरलेत.

कोपरा हे निमित्त आहे, हे मला कळतं. त्यांनी दोष दिला नव्हता असंही यातून सिद्ध होत नाही. बाळ येणार म्हणून भरायला घेतलं, गेलं म्हणून थांबवलं, एवढंच कापड सांगतं. पुढचं त्यांनाच विचारावं लागेल. आणि त्यांनी 'होय, दिला दोष' म्हटलं तर? तर ते ऐकून परत येईन. शेवटची एसटी साडेपाचला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले.

घराला नवा रंग दिलाय, हिरवा. अत्ती पडवीत ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही. "बा," म्हणाल्या, "कूड." ये, बस. जणू मी सकाळी बाजारला गेले होते. मग, "जेवलीस का?" नाही म्हटलं तर आत गेल्या, भाकरी आणि घट्ट डाळ घेऊन आल्या. समोर बसून राहिल्या. बारीक झाल्यात. गुरू पुण्यालाच असतो, दोन मुलं आहेत, दिवाळीला येतात, हे सांगितलं. मी हं हं केलं.

ताट धुतलं आणि पिशवीतून कापड काढलं.

त्यांनी हात लावला नाही आधी. मग मांडीवर घेतलं. "तुझ्याकडं हाय व्हय हे. तू गेल्यावर मी तीन दिवस ट्रंका धुंडाळल्या, कुटं ठिवलं त्येच इसरले. मला वाटलं, गुरूनं चुलीत घातलं."

"तुम्हीच ठेवलं होतं माझ्या ट्रंकेत?"

"मग कुटं ठिवू? तू दवाखान्यातनं आलीस त्या दिवशी लपिवलं. तुला दिसू न्हाय म्हणून तुझ्याच ट्रंकंत, कागदाखाली." कापडावरची सुरकुती सरळ केली. "येडीच की मी. जाताना नेशील हे ध्यानात न्हाय आलं."

मी म्हटलं, अत्ती, तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत.

त्या कापडाकडे बघत म्हणाल्या, "तुजं व्हतं. तू आदी बोलशील मग बोलावं, असं मी बघत बसले. तू बोललीच न्हाईस."

"मी तुमची वाट बघत होते."

"दोन वर्स?"

"दोन वर्षं."

"लई शानी आमी दोगी," अत्ती म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण आवाजात होतं थोडं.

नातवंडांना कुंच्या केल्या का, असं मी विचारलं. "इकतच्या आणल्या," म्हणाल्या. "हे अर्धं ठिवून दुसरं कसं घिऊ हातात?"

मग कोपरा विचारला. त्यांना आधी पटेना की मी एवढ्यासाठी आले. पटलं तेव्हा माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर नखानं दाखवलं. कोपऱ्यावर पाळणा घालतच नाहीत. पाळणा मोडत नसतात. कोपऱ्यात चार टाक्यांची चौकट, तिच्या आत तिरका एक टाका. त्यावरून वळायचं. पुढच्या कडेला पाळणा नव्यानं सुरू. सॉफ्टवेअरच्या चार पर्यायांत हा नव्हता.

निघताना कापड पिशवीत ठेवू लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हितं." ठेवून आले. आता येणारा दोरा घालतील, असं वाटलं. साडेपाचची मिळाली.

१७ फेब्रुवारी

कोपरा बसला. चौकट, आत तिरका. ब्रशच्या खिडकीत तुकडा टाकला आणि चारी बाजू एका दमात फिरल्या. बुद्धप्रिया म्हणाली, "कुठून शिकलात?" हात दाखवला. तिला कळलं नाही, पण तिनं तळहात नीट पाहिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फाईल पाठवली. शेवटच्या घटकेला 'पूर्ण' काढून 'जाणारा' ब्रश लावला. अर्धीच रेघ. दुकानात पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाला माझे पाळणे कशाला दिसायला हवेत?

तासाभरात प्रकाशकांचा फोन. "वा, देवळांची किनार फार आवडली. सिद्धेश्वराचं गाव तुमचं, शोभतं अगदी." मी थँक्यू म्हटलं.

२१ फेब्रुवारी

काही नाही. भाकऱ्या करपल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मैंदर्गीहून पार्सल. कापड कोरं आहे. दोरा उसवून रिळावर गुंडाळलाय, त्यात सुई टोचलेली. नंतर अत्तींचा फोन आला. "सोडवलं मी. आता तुला काय घालायचं ते घाल."

कापड खिडकीत धरलं. भोकं राहिलीत, बारीक, सारख्या अंतरावर. टाका कुठं होता आणि मोकळं कुठं, ते भोकांवरून सांगता येत नाही.

कोल्हापूरला फोन लावला. म्हटलं, छापू नका अजून, दुसरी फाईल पाठवते. ती देवळं नाहीत, पाळणे आहेत.