रेशीम शेड कीर्तीच्या नावावर

सगळ्या वस्तीसमोर माझ्या सुनेला, तुझ्या बायकोला, नको ते बोललास, इंद्रजीत, आणि अजून एकदाही तुझ्या तोंडातून "चुकलं" आलेलं न्हाय. हे आधी लिहून ठेवते. राम राम मागून.

मी बजाबाई कोंडीबा लवटे, वय शहात्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं करते. कुणाचा दाब न्हाय. डोकं ठिकाणावर हाय. कोर्टाला खात्री करायची असेल तर लवकर यावं, बोलताना दम लागतो आता.

राहतं घर आणि उसाचं रान मुलगा इंद्रजीत याला. पाटल्या त्याची मुलगी आरोही हिला. जुनं लुगडं नणंद विठाबाईला. शेडमधल्या रेशमाच्या अळ्या मेल्या तेव्हा "सून पाळीत आत शिरली, विटाळ झाला" असं पहिलं तीच बोलली. लुगडं तोंडाला बांधायला होईल.

रेशीम शेड आणि तुतीचं रान सून कीर्ती हिला, एकटीच्या नावावर. अळ्या तिनं वाढवल्या, आणि त्या मेल्यापासून शेडचं दार तिलाच बंद हाय.

कारण लिहिते. उसाची मुळं खाणारी हुमणी मारायला इंद्रजीतनं ज्या घमेल्यात बुरशीची पावडर कालवली, त्याच घमेल्यात दुसऱ्या दिवशी तुतीचा पाला भरून शेडमध्ये नेला. आरोही सोलापुरात कॉलेजात हेच शिकते. ती म्हणाली, "आजी, ही बुरशी अळीच्या अंगाला चिकटते आणि प्रथिनं सोडते. त्यांनी कातडी विरघळते. आत शिरली की दुसरंच प्रथिन पांघरून बसते, मग अळीच्या रक्तातल्या राखणदारांना ती ओळखूच येत नाही." अळी आपली पाला खात राहते. मग मरते आणि खडूसारखी पांढरी, टणक होते. तसल्याच घमेली भरभरून काढल्या आमी.

इंद्रजीत म्हणाला, "आई, पोरीनं चार बुकं वाचली म्हणून काय बी ऐकतीस व्हय?"

"मग तुझ्या घमेल्याला विचार की," मी म्हणाले. बुरशीला कुणाची पाळी कळत न्हाय.

शेड कुणी पाडायची न्हाय, विकायची न्हाय. पाल्याचं घमेलं वेगळं ठेवायचं. माझ्यामागं रडारड नको, लई ऐकलं आजवर.

स्थळ: सोलापूर. तारीख: ९ नोव्हेंबर २०२५.
सही: बजाबाई कोंडीबा लवटे
साक्षीदार: धोंडीराम गावडे, मृत्युंजय स्वामी

साक्षीदारांनी हे वस्तीत मोठ्यानं वाचावं. पाळीत शेडमध्ये का गेलीस, असं कुणी कीर्तीला विचारलं तर तिनं बोलायचं न्हाय. उत्तर इंद्रजीतनं द्यायचं.